खोताची वाडी : जिथे तिकीट नाही, तिथे कसे जावे?

सुट्ट्या लागल्या की गावाकडून पाहुणे येतात आणि दोन दिवसांत मुंबई दाखवा म्हणतात. मग ठरलेली यादी निघते. गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी, राणीची बाग, हाजी अली आणि संध्याकाळी चौपाटी. या यादीत काही वाईट नाही. घारापुरीची लेणी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत, १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत आणि मुलांनी ती जरूर पाहावीत. (फक्त सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा.) पण दर वर्षी तीच यादी फिरून झाल्यावर यंदा आमच्या घरात ठरले की एक सकाळ गिरगावातल्या खोताच्या वाडीला द्यायची. आम्ही सहा जण होतो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या दादी होत्या आणि दुसरीत शिकणारी मुलगीही होती.

जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. घारापुरीला तिकीट खिडकी आहे, पहारेकरी आहे, वेळ ठरलेली आहे. काय करावे आणि काय करू नये, याच्या पाट्या आहेत. खोताच्या वाडीत यातले काहीच नाही. ती सरकारी वास्तू नाही की संग्रहालय नाही. ती लोकांची राहती घरे आहेत. तिथे सकाळी दूधवाला येतो, मुले शाळेला निघतात, म्हातारी माणसे ओट्यावर पेपर वाचत बसतात. अशा ठिकाणी नियमाची पाटी आपल्याच मनात असावी लागते. म्हणून या लेखात रस्ता आणि वेळ तर सांगणार आहोतच, पण त्याहून जास्त सांगणार आहोत ते तिथे वागावे कसे याबद्दल.

वाडी कोणाची, घरे कोणाची?

खोत हा शब्द कोकणातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा तो खोत. कोकणातल्या आपल्या कितीतरी मुस्लिम घराण्यांकडेही खोती होती. १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपली, पण आडनावांत आणि जमिनीच्या जुन्या कागदांत ती अजून सापडते. गिरगावातली ही वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्या कुटुंबांनी इथे घरे बांधली, असा या वाडीचा इतिहास सांगितला जातो.

ईस्ट इंडियन या नावाने पुष्कळांचा गोंधळ होतो. हे लोक कुठून पूर्वेकडून आलेले नाहीत. मुंबई, साष्टी, वसई या उत्तर कोकणातल्या पट्ट्यातले हे मूळचे रहिवासी. पोर्तुगीज अमलात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, पण बोली मराठीच्या कुळातलीच राहिली. जुन्या पिढीतल्या बायका लुगडे नेसत. पुढे इंग्रजांच्या काळात गोव्याहून ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठी मुंबईत येऊ लागली. त्यांच्यापासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून इथल्या लोकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतले.

म्हणजे धर्म वेगळा, पण माती आणि भाषा जवळची. आपण मराठी बोलणारे मुसलमान आहोत म्हटल्यावर समोरचा माणूस जरा चकित होऊन पाहतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही तोच अनुभव येत असणार. मुलांना वाडी दाखवताना हे जरूर सांगावे. महाराष्ट्राची भाषा किती वेगवेगळ्या घरांत बोलली जाते, हे पुस्तकापेक्षा अशा गल्लीत लवकर कळते.

घरे कशी पाहावीत

घरे बहुतेक एक मजली, म्हणजे तळमजला आणि वर एक माळा. लाकडी खांब, लाकडी कठडे, उतरते कौलारू छप्पर. पुढे मोकळा ओटा किंवा व्हरांडा. कित्येक घरांना वर जाणारा जिना बाहेरूनच आहे. रंग ठळक असतात. मुलांना आधी रंग दिसतात, पण त्यांना पुढच्या गोष्टीही दाखवाव्यात.

पहिली, ओटा. घर आणि गल्ली यांच्यामधली ही जागा. पूर्ण आत नाही, पूर्ण बाहेर नाही. दादींनी पाहताक्षणी सांगितले की ही तर आपल्या गावच्या घराची पडवी. आल्यागेल्याशी इथेच बोलायचे आणि घरच्या बायकांचा वावर आत सुरक्षित राहायचा. दुसरी, बाहेरचा जिना. वरच्या माळ्यावरच्या माणसाला खालच्या घरातून न जाता ये-जा करता येते. एकाच घरात भावाभावांचे संसार असले की अशा जिन्याची किंमत कळते. तिसरी, छपराचा उतार आणि पुढे आलेली कौले. मुंबईच्या पावसात लाकडी भिंत कोरडी ठेवायची तर हे लागतेच. चौथी, झरोके आणि लाकडी जाळ्या. वारा आत येतो, नजर येत नाही.

एका वेळी एकाच घरासमोर दोन-तीन मिनिटे शांत उभे राहून, वाटेवरून जितके दिसते तितकेच पाहावे. सगळी गल्ली पंधरा मिनिटांत पळत पाहण्यापेक्षा चार घरे नीट पाहिलेली बरी.

परवानगी हेच तिकीट

दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नये, सलाम करून विचारावे, तीनदा विचारूनही होकार आला नाही तर मन खट्टू न करता परत फिरावे, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना लहानपणीच मिळते. दारासमोर थेट उभे न राहता बाजूला उभे राहावे, म्हणजे दार उघडताच नजर आत जाणार नाही, हेही आपल्याला सांगितले गेले आहे. खोताच्या वाडीत फिरायला याहून वेगळ्या नियमांची गरज नाही. हाच अदब सोबत न्यावा.

ओटा हा घराचाच भाग आहे. सुंदर दिसतो म्हणून त्यावर बसून फोटो काढू नयेत, जिन्यावर चढू नये, कठड्याला टेकू नये. उघड्या खिडकीतून आत डोकावू नये. वाळत घातलेले कपडे, आत बसलेली माणसे, खेळणारी मुले यांचे फोटो घेऊ नयेत. घराच्या दर्शनी भागाचा फोटो हवा असेल आणि ओट्यावर कोणी असेल, तर हसून विचारावे. मराठीत विचारले तर बरेचदा मोकळे उत्तर मिळते. नाही म्हटले तर कॅमेरा खाली करावा. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या दारात अनोळखी वीस माणसे मोबाइल वर धरून उभी राहिली तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार पुरे आहे.

आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी दादींना पाहून खुर्ची पुढे केली. दादी पाच मिनिटे बसल्या. दोघींचे बोलणे गुडघेदुखीपासून सुरू झाले आणि उन्हाळ्यातल्या मसाल्यावर गेले. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कितीतरी जिन्नस भाजून, कुटून वर्षभराचा मसाला करतात आणि तो गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. म्हणून त्याचे नावच बॉटल मसाला. दादींनी आपल्या घरच्या मसाल्याची यादी सांगितली. त्या बाईंनी असेही सांगितले की पाहायला येणाऱ्यांचा राग नाही, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी झोप मिळत नाही आणि लोक विचारतही नाहीत. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून ते आम्हाला जास्त लागले.

असा त्रास फक्त गिरगावात होतो असे नाही. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात बुकचॉन नावाची जुन्या घरांची वस्ती आहे. तिथे पर्यटक इतके वाढले की नोव्हेंबर २०२४ पासून वस्तीच्या काही भागात संध्याकाळी ५ ते सकाळी १० या वेळेत पर्यटकांना मनाई करण्यात आली. इटलीतल्या व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. आपण नीट वागलो तर आपल्या शहरात अशी वेळ येणार नाही.

जायचे कसे, कधी, किती जणांनी

पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड हे जवळचे स्थानक. पूर्वेकडे उतरून जगन्नाथ शंकरशेट मार्गाकडे चालत निघावे. दहा-पंधरा मिनिटांत पोचता येते. कोकण रेल्वेने दादरला उतरणाऱ्यांनी तिथूनच पश्चिम रेल्वेची लोकल धरावी. मेट्रो ३ चे भुयारी स्थानकही आता गिरगावात झाले आहे. ज्येष्ठांना लोकलच्या गर्दीपेक्षा ते सोयीचे पडेल.

टॅक्सी केली तर एक काळजी घ्यावी. खुणेसाठी पोर्तुगीज चर्च म्हणू नये, कारण मुंबईत त्या नावाने दादरचे चर्च जास्त ओळखले जाते. गिरगावचे सेंट टेरेसा चर्च असे सांगावे. वाडी तिथून जवळच आहे. स्वतःची गाडी नेऊ नये. वाडीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि आसपासच्या रस्त्यांवर गाडी लावायला जागा मिळणे कठीण.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत बरे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाताळचे आकाशकंदील आणि सजावट असते. ते दृश्य सुंदर असते, पण तो तिथल्या लोकांचा सण असतो आणि घरोघरी पाहुणे असतात, हे लक्षात ठेवून गर्दीत भर घालायची की नाही ते ठरवावे. पावसाळ्यात फरशी निसरडी होते, ज्येष्ठांना नेऊ नये. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी नऊ ते अकरा उत्तम. दुपारी एक ते चार टाळावे. रविवारी सकाळी चर्चची प्रार्थना असते. त्या वेळी चर्चच्या दारात घोळका करून उभे राहू नये आणि प्रार्थना चालू असताना फोटो घेऊ नयेत. मुंबईत जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत रस्त्याकडेला क्रूस दिसतात. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. त्यांच्या चौथऱ्यावर मुलांना चढू देऊ नये.

पाच-सहा जणांहून मोठा घोळका नसावा. शाळेची किंवा जमातीची सहल न्यायची असेल तर मुलांच्या छोट्या तुकड्या कराव्यात आणि वाडीची माहिती आत शिरण्यापूर्वीच, बाहेर मोठ्या रस्त्यावर सांगून टाकावी. गल्लीत मोठ्याने बोललेला प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंच्या घरांत ऐकू जातो. वाडीत सार्वजनिक शौचालयाच्या भरवशावर राहू नये, लहान मुलांना आधीच जाऊन येऊ द्यावे. पाण्याच्या बाटल्या घरून न्याव्यात आणि रिकाम्या बाटल्या घरीच परत आणाव्यात. गल्लीतून दुचाकी जातात, लहान मुलांचा हात सोडू नये.

जेवण आणि नमाज

वाडीत जेवणाची सोय होईल असे गृहीत धरू नये. अनंताश्रम ही मासळीच्या जेवणाची नामांकित खानावळ याच वाडीत होती. अनेक जुन्या पुस्तकांत तिचे नाव अजून सापडते, पण ती कधीच बंद झाली आहे. नाश्त्यासाठी ठाकूरद्वार, गिरगाव परिसरात शाकाहारी मराठी उपाहारगृहे भरपूर आहेत. मिसळ, थालीपीठ, पियूष असे पदार्थ मुलांना आवडतात आणि हलालची चिंताही राहत नाही. वाडीतल्या एखाद्या ओळखीच्या घरी जेवायचा योग आला तर आधीच स्पष्ट सांगावे. ईस्ट इंडियन जेवणात डुकराचे मांसही असते आणि काही पदार्थांत दारूचा वापर होतो. सौम्य शब्दांत सांगितले तर यजमानाला राग येत नाही, उलट पंचाईत टळते. मांसाहारी जेवण भेंडी बाजार किंवा मोहम्मद अली रोडला करावे. टॅक्सीने फार वेळ लागत नाही.

जोहरच्या नमाजसाठी आम्ही शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत गेलो. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही मशीद मेट्रोच्या काळबादेवी स्थानकापासूनही जवळ आहे. स्त्रियांच्या नमाजची व्यवस्था आहे का, हे जाण्यापूर्वी फोनवर किंवा तिथल्या माणसांना विचारून घ्यावे. आम्ही तसे विचारूनच पुढचा कार्यक्रम ठरवला.

ही मशीद या सहलीत घेण्याचे कारण नुसते नमाजचे नाही. तिचे बांधकाम १७७५ ते १८०२ या काळातले. मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. जागेचे मालक कोकणी मुस्लिम व्यापारी होते आणि तलाव आहे तसा राखला जाईल या अटीवर त्यांनी मशिदीसाठी जागा दिली, असा इतिहास सांगितला जातो. तो तलाव आजही आहे, त्यात मासे आहेत आणि लोक तिथे वजू करतात. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ एका माणसाची अट पाळली गेली आहे. गिरगावातली घरे पाहून आलेल्या मुलांना हा तलाव दाखवला की जुने जपणे म्हणजे काय, ते फार समजावून सांगावे लागत नाही.

वेळ उरला तर गावदेवीतले मणी भवन पाहावे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की याच घरी उतरत. आता ते संग्रहालय आहे. तिथे आत जाऊन घर पाहता येते, कारण तिथे आता कोणी राहत नाही. राहते घर आणि संग्रहालय झालेले घर यांतला फरक एकाच दिवशी दोन्ही पाहिल्यावर मुलांच्या लक्षात येतो. संध्याकाळी चौपाटी आहेच.

घरे का कमी होत आहेत?

खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ घरे होती असे सांगतात. आज तशी जुनी घरे तिसाहूनही कमी उरली आहेत. मुंबईत वारसा जपण्याची नियमावली १९९५ मध्ये आली आणि अशी नियमावली करणारे हे देशातले पहिले शहर ठरले. पण नियमावलीने घराचे कौल बदलत नाही. लाकडाला वाळवी लागते, चांगले सुतार मिळत नाहीत, दुरुस्तीला लाखो रुपये लागतात. घर आजोबांच्या नावावर, वारस दहा, त्यांतले चार परदेशात. शेजारी उंच इमारत उभी राहते आणि बिल्डर एका रकमेचा आकडा सांगतो. अशा वेळी घर विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. बाहेरून फोटो काढणाऱ्याला त्या दुरुस्तीचा एक रुपयाही द्यावा लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. आणि तरीही जी कुटुंबे घर राखून आहेत, ती आपल्या पदरमोडीने सगळ्या शहराची एक आठवण सांभाळत आहेत. त्यांना आपण निदान त्रास तरी देऊ नये.

परतीच्या वाटेवर आमच्यात बोलणे निघाले ते आपल्याच घरांचे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली आपली जुनी घरे कोणत्या स्थितीत आहेत? माणसे मुंबईत आणि आखातात, घराला कुलूप, पावसाळ्यात एकेक कौल घसरते. वारसांच्या नोंदी वेळेवर होत नाहीत आणि शेवटी भिंत पडल्यावरच सगळे एकत्र येतात. खोताच्या वाडीसारखी आपली गावे कोणी पाहायला येत नाही, पण प्रश्न तोच आहे. दादींनी त्याच रात्री मुलांना गावच्या घराचा नकाशा काढायला बसवले. पडवी कुठे, माजघर कुठे, विहीर कुठे, कोणत्या खोलीत कोणाचा जन्म झाला, हे सगळे त्या सांगत गेल्या आणि मोठ्या मुलाने वहीत लिहून घेतले. प्रत्येक घरात निदान एवढे तरी व्हावे, असे आम्हाला वाटते.

निघण्यापूर्वी एकदा वाचा

१. सोमवार सोडून कोणताही दिवस ठरवला तर घारापुरीचा पर्यायही उघडा राहतो. मणी भवनची वेळ आधी तपासून घ्या.

२. वाडीत सकाळी नऊ ते अकरा. दुपारी नको.

३. पाच-सहा जणांचा गट. आवाज हलका.

४. ओटा, जिना आणि कठडा घराचा भाग आहे. विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

५. माणसांचे, खिडक्यांचे, कपड्यांचे फोटो नकोत. घराच्या फोटोसाठी आधी विचारा.

६. चपला चालण्याच्या, पाणी घरचे, कचरा परत घरी.

७. नाश्ता गिरगावात, जोहर जामा मशिदीत, जेवण भेंडी बाजारात.

८. कोणी बोलायला थांबले तर घाई करू नका. दोन घरे कमी पाहिली तरी चालतील.

येत्या सुट्टीत पाहुणे आले की एक सकाळ अशी काढून पाहा. मुले घरी येऊन काय सांगतात ते ऐका, आणि गावच्या घराबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला त्यांना बसवा. इन्शाअल्लाह, त्या एका सकाळीतून पुष्कळ काही हाती लागेल.